परसातला पाट

इरियावहिया सूत्र आपल्यापैकी अनेकांच्या मुखी दिवसातून दोन-तीनदा येते. जाता-येता आपल्या पायांखाली ज्यांना इजा झाली असेल, त्यांची त्यात एक यादी आहे. दव, मुंग्यांची बिळे, शेवाळ, पाणी, ओली माती, कोळ्याची जाळी. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्यास ही यादी फार जुन्या काळची वाटत असेल. आसनगावात घर असणाऱ्यास मात्र ती स्वतःच्या परसाचे आषाढातील वर्णन वाटते. त्यात एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

आमचा शहापूर तालुका पावसाचा. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजत आहे, पुढे भातसाही त्या कामी लागले. तेव्हा ढग येथे किती मनापासून रिकामे होतात, हे निराळे सांगावयास नको. आषाढ लागला की माहुलीचे सुळके दिसेनासे होतात आणि घरामागची शहाबादी फरशी आठ दिवसांत हिरवी होते. हा हिरवा रंग डोळ्यांना सुखावतो, पण जीवविचार शिकलेल्याचे पाऊल त्यावर सहजासहजी पडत नाही. शेवाळ म्हणजे अनंतकाय. दुसरीकडे परसात जायचे तर वाट त्यावरूनच. दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझी पत्नी त्याच फरशीवर घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. तिचे सकाळचे सामायिक, धान्य निवडणे, दुपारचे वाचन हे सारे स्वयंपाकघराच्या मागल्या दाराबाहेर, जांभळाच्या सावलीत होत असे. त्या चातुर्मासात ते दार बंदच राहिले, आणि मनगट बरे झाल्यानंतरही ते उघडण्यास तिचा हात धजावेना.

सल्ले पुष्कळ मिळाले. एकाने सांगितले, दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून फरशी घासून घ्या. म्हणजे अनंत जीवांचा नाश करायचा आणि तोही वेळापत्रक लावून. दुसऱ्याने सांगितले, सगळे परसू खणा, खडी पसरा आणि वर सिमेंट ओतून टाका. येथील पावसात सिमेंटही दोन वर्षांत हिरवे होते, हे मी शेजारच्या तीन घरांत पाहिले आहे; शिवाय खणण्याची विराधना पदरात पडतेच.

उत्तर सापडले ते उपाश्रयात. साधू-साध्वी चातुर्मासात पाटावर बसतात, पाटावर शयन करतात. श्रावकाने साधूंना द्यावयाच्या वस्तूंत पीठ आणि फलक, म्हणजे बसण्याचे आसन आणि फळी, यांची नावे आपल्या सूत्रांत आहेत; वापरून परत करावयाच्या त्या वस्तू. मी इतकी वर्षे पाट पाहत आलो, पण त्याच्या रचनेकडे कधी पाहिले नव्हते. चार पाय, त्यांवर फळी. फळीखालून पुंजणी सहज फिरावी एवढी उंची. जमिनीत काही पुरलेले नाही, जमिनीला काही चिकटलेले नाही. ओल खालीच राहते, जीवजंतू खालून आपल्या वाटेने जातात, वर बसणारा कोरडा राहतो. हाच पाट बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद केला, तर?

परदेशात अशा बांधणीला डेक म्हणतात. न्यू जर्सीत आपल्या समाजाची जी कुटुंबे आहेत, त्यांच्या बहुतेकांच्या घरामागे तो असतो आणि उन्हाळ्यात साधर्मिक भक्तीच्या पंगतीही त्यावर उठतात. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. जुन्या वाड्यांच्या माड्यांना तक्तपोशी असे : तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. ती तक्तपोशी माडीवरून उतरवून परसात, उघड्यावर ठेवली की झाले. फरक एवढाच की वर छप्पर नाही, म्हणून फळ्यांच्या मध्ये फट ठेवावी लागते. पाणी साचले नाही तर शेवाळ धरत नाही, आणि जे उगवलेच नाही ते मारण्याचा प्रश्नच येत नाही.

माझा बेत ऐकून प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला : वाळवीचे काय करणार?

प्रश्न खरा होता. येथल्या तांबूस मातीत वाळवी घरोघर आहे. कीटकनाशकाची फवारणी करणाऱ्या एका माणसाला मी विचारून पाहिले. त्याने मातीत क्लोरपायरिफॉस जिरवण्याचा दर चौरस फुटामागे सांगितला आणि पाच वर्षांची हमी दिली. आता श्रावकाची अहिंसा साधूसारखी पूर्ण नसते, हे आपण जाणतो. चूल पेटवणे, घर झाडणे, धंदा करणे यांत आरंभी आणि उद्योगी हिंसा घडते. तिला मर्यादा घालता येते, ती पूर्ण टाळता येत नाही. पण वारूळ कोठे आहे हे ठाऊक असताना त्यातील जीव मरावेत म्हणूनच औषध ओतणे, ही संकल्पी हिंसा झाली. जीवविचार प्रकरणात वाळवीला मुंगी-मुंगळ्यांच्या पंक्तीत, तेइंद्रियांमध्ये, नाव घेऊन बसवले आहे. बसण्याची जागा करण्यासाठी तिचा वंश संपवावा आणि मग त्याच जागेवर सामायिक करावे, हे माझ्या मनाला पटेना.

म्हणून वाळवी लाकडापर्यंत पोहोचते कशी, ते आधी समजून घेतले. आपल्या भागातील वाळवी जमिनीत राहते. तिला ओल लागते, उघडी हवा आणि उजेड सोसत नाही. म्हणून ती मातीच्या बारीक नळ्या बांधते आणि त्यांच्या आडून वर चढते. लाकूड मातीला टेकलेले असेल तर नळीचीही गरज नाही. आतल्या आत सारे पोखरले जाते आणि वरून काही कळत नाही. पण लाकूड जमिनीपासून उंच असेल, मध्ये दगड असेल आणि दगडाच्या चारही बाजू डोळ्यांना दिसत असतील, तर नळी दिसल्यावाचून राहत नाही. वाळवीच्या बंदोबस्तासाठी आपल्या देशाचे एक मानक आहे, क्रमांक ६३१३. त्याचा पहिलाच भाग बांधकामाच्या उपायांना दिलेला आहे. औषधे पुढच्या भागांत येतात. औषध विकणारा दुसऱ्या भागापासून बोलू लागतो, एवढेच.

यापुढचा प्रश्न लाकडाचा. आपल्या शास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे. जंगल तोडून त्यावर उपजीविका करू नये. मी लाकडाचा व्यापारी नव्हे, पण माझ्यासाठी कोणी झाड तोडावे हेही नको होते. कायद्याचा भाग वेगळाच. शहापूर-मुरबाडकडे सागाचे झाड स्वतःच्या सातबाऱ्यावर उभे असले, तरी वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. म्हणून जुने लाकूड घ्यायचे ठरविले. शहरात जुन्या चाळी व बंगले पाडले जातात, त्यांच्या तुळया, चौकटी आणि फळ्या कल्याणच्या बाजूच्या वखारींत येऊन पडतात. ते झाड कापले गेले त्याला साठ-सत्तर वर्षे झालेली असतात. लाकूड पूर्ण मुरलेले असते, नव्याने पिळत नाही, आणि भाव नव्या सागापेक्षा पुष्कळ कमी.

वखार मला नवी नव्हती. बँकेत असताना लाकडाच्या व्यापाऱ्यांना दिलेल्या कर्जापोटी नजरगहाण मालाची तपासणी करण्यास मी वर्षानुवर्षे गेलो आहे. तेथेच घनफुटाचा हिशेब शिकलो : रुंदी इंचांत, जाडी इंचांत, लांबी फुटांत, यांचा गुणाकार करून १४४ ने भागावे. चार इंच रुंद, एक इंच जाड आणि बारा फूट लांब फळी म्हणजे एक तृतीयांश घनफूट. माझ्या कामाला अशा अठ्ठावीस फळ्या लागत होत्या, म्हणजे सव्वानऊ घनफुटांहून थोडे अधिक. तीन बाय चार इंची नऊ कड्या, प्रत्येकी दहा फूट, त्यांचे साडेसात घनफूट. चार बाय पाच इंची तीन तुळया, प्रत्येकी बारा फूट, त्यांचे पाच. एकूण बावीसच्या आत. कापणी आणि तूट धरून चोवीस घेतले.

व्यापारी वाचकांसाठी येथे दोन शब्द. जुन्या लाकडाचे माप देणारा कुजलेले टोकही मापात धरतो आणि रंधा मारण्यापूर्वीची जाडी सांगतो. टोके आधी बाजूला ठेवून मगच टेप लावावी. प्रत्येक नगाच्या टोकाचा रंग पाहावा. सागाच्या गाभ्याच्या गडद तपकिरी लाकडात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न आवडणारी द्रव्ये असतात. कडेच्या पांढरट लाकडात ती नसतात. पांढरा पट्टा असलेला साग केवळ नावाने साग. खिशात एक चुंबक ठेवावे. जुन्या फळीत मोडलेले खिळे दडलेले असतात. ते आधी सापडले नाहीत तर करवतीचे दात जातात आणि रंध्याचे पाते जाते. पावती मात्र आवर्जून घ्यावी, कारण उद्या वाटेत कोणी वनरक्षकाने लाकूड कोठले म्हणून विचारले तर तोंडाने सांगून भागत नाही.

लाकूड घरी आल्यावर लगेच करवत लावली नाही. फळ्या सावलीत, विटांवर, एकमेकींमध्ये अंतर ठेवून पंधरा दिवस ठेवल्या. जुन्या लाकडाच्या भेगांत कोळी, झुरळांची पिले, लहान भुंगे असतात. उन्हात टाकले तर ते तेथेच होरपळतात, सावलीत हवा लागली तर बरेचसे आपण होऊन निघून जातात. नंतर पत्नीने आणि मी प्रत्येक फळीचे पडिलेहण केले. ती पुंजणीने भेगा हलक्या हाताने साफ करीत असे, मी खिळे उपटीत असे. बारीक भोके आणि ताजा पिठासारखा भुसा दिसलेल्या दोन फळ्या वखारवाल्याला परत केल्या. त्याने त्या बिनतक्रार बदलून दिल्या, पण पुंजणी कशासाठी हे त्याला शेवटपर्यंत समजले नाही.

काम माघात सुरू केले. वैशाख संपण्याआधी हातावेगळे करायचे आणि चातुर्मासात जमिनीला हात लावायचा नाही, असा नियम होता. गावातील एका वृद्ध सुताराला दोन दिवसांची मजुरी देऊन बोलावले. माझा कागदावरचा आराखडा त्यांनी डोळ्यांपासून दूर धरून पाहिला.

“साहेब, तुम्ही करणार? स्वतः?”

“तुम्ही दाखवा दादा, मी करतो.”

“मग घराच्या भितीला जोडू नका. पाच बोटं जागा सोडा. लाकूड भितीला टेकलं की वाळवीला पूल झाला.”

मानकात जे वाचले होते तेच त्यांनी एका वाक्यात सांगितले. आमचा मंच त्यामुळे घरापासून तीन इंच सुटा आहे.

नऊ खड्डे घेतले, प्रत्येकी एक फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल. तळाशी मुरूम ठोकून बसविला, त्यावर घडीव काळा दगड उभा केला. दगडाचा माथा जमिनीवर बारा इंच. हिशेबाची सवय सुटत नाही, म्हणून नोंदवतो : एकशे वीस चौरस फुटांच्या बैठकीसाठी जमिनीला हात लागला तो नऊ चौरस फुटांना. उरलेली एकशे अकरा चौरस फूट माती जशी होती तशीच आहे. गांडुळे, मुंग्या आणि जांभळाची मुळे यांना आमच्या उद्योगाची वार्ताही नसेल.

कोपरे काटकोनात आणण्यासाठी गवंडी जी युक्ती वापरतात तीच वापरली. एका बाजूवर सहा फुटांवर खूण, दुसरीवर आठ फुटांवर. दोन्ही खुणांतले अंतर नेमके दहा फूट आले की कोन काटकोन. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी आपल्याच महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला आणि त्यात अशा त्रिकोणांचे गणित विस्ताराने मांडले. आपल्या मुलांना पायथागोरसचे नाव ठाऊक असते, महावीराचार्यांचे नसते. दगडांचे माथे एका पातळीत आहेत की नाही, हे पारदर्शक नळीत पाणी भरून तपासले. पाणी लबाडी करीत नाही. घराच्या बाजूने परसाकडे दहा फुटांत सव्वा इंच उतार मात्र मुद्दाम ठेवला.

प्रत्येक दगडावर जस्ती पत्र्याची टोपी घातली. टोपीच्या कडा दगडाबाहेर दोन इंच काढून खाली वाकवल्या. वाळवी दगडावरून चढली, तरी या कडेला वळसा घालून वर जाण्यासाठी तिला उघड्यावर नळी बांधावी लागते, आणि ती लगेच नजरेस पडते. टोप्यांवर तीन तुळया, त्यांवर आडव्या नऊ कड्या, एकमेकींपासून अठरा इंचांवर. कड्यांवर फळ्या, दोन फळ्यांत दोन सुतांची फट, म्हणजे पाव इंच. फट सारखी राहावी म्हणून पाव इंच जाडीची पट्टी मध्ये धरायची आणि फळी आवळली की ती काढून पुढे न्यायची. खिळे वापरले नाहीत. पावसात लोखंडी खिळा गंजतो, सागाला काळे डाग पाडतो आणि लाकूड फुगले-आवळले की वर येऊन तळपायाला लागतो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घेतले. अठ्ठावीस फळ्या, नऊ कड्या, प्रत्येक भेटीत दोन : एकूण ५०४. प्रत्येकासाठी आधी बारीक भोक पाडावे लागते, नाहीतर जुना साग टोकाशी तडकतो. रोज सकाळी नवकारसीनंतर दोन तास काम, सूर्यास्तानंतर काहीही नाही. नऊ दिवस केवळ स्क्रूंचे गेले.

या दिवसांत कुंपणापलीकडून एक परिचित गृहस्थ रोज डोकावत. “अहो, एवढी पेन्शन येते, मग सुतार का लावत नाही?” असे त्यांनी दोनदा विचारले. आपल्या व्यापारी घरांत हाताने काम करणे म्हणजे काहीतरी कमी पडले असे समजतात, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांनी माणसाला असि, मसि, कृषी यांबरोबर शिल्पेही शिकविली, असे आपण मानतो. त्यांतील मसि तेवढी आपण घट्ट धरून ठेवली. ज्याच्या एका सामायिकाचे मोल श्रेणिक राजालाही चुकवता आले नाही, तो पुणिया श्रावक स्वतःच्या हाताने पुण्या करून पोट भरीत असे, हे व्याख्यानात ऐकताना आपण माना डोलावतो आणि घरी येऊन साधा बल्ब बदलण्यास माणूस बोलावतो.

लाकडाला काय लावायचे, यात आपल्या घरांनी विशेष लक्ष घालावे असे दोन पदार्थ आहेत. जुने सुतार ज्याला पॉलिश म्हणतात ते बहुधा लाखेचे असते. लाख म्हणजे झाडावरील किड्यांचा स्राव. तो खरवडून काढताना ते किडे मरतात, आणि लाक्षावाणिज्य पंधरा कर्मादानांत आहेच. दुसरा पदार्थ सरस. तो जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून उकळून करतात. आमच्या कामात गोंदाचे प्रयोजनच पडले नाही. लागला असता तर बाजारात पांढरा कृत्रिम गोंद सर्वत्र मिळतो. फळ्यांना दोन हात अळशीच्या तेलाचे दिले, थोडे टर्पेंटाइन मिसळून, फडक्याने पातळ पुसून. येथे एक सूचना महत्त्वाची. अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. अमेरिकेत डेकसाठी पाइनच्या लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाने भरीत असत. घरगुती वापरातून ते २००३ च्या अखेरीस मागे घेण्यात आले. पोरेबाळे ज्या फळीवर रांगतात तिच्यात सोमल! ते ऐकल्यावर आपले अळशीचे तेल अधिकच गोड वाटले.

वैशाख वद्य पक्षात शेवटची फळी बसली. उंची जमिनीपासून बावीस इंच, मागल्या दाराच्या उंबऱ्याहून दोन इंच खाली. परसाकडे दगडाच्या दोन पायऱ्या आणि त्यांच्या बाजूला धरावयास एक उभा खांब, एवढाच काय तो आधार. खालची पोकळी चारही बाजूंनी उघडी ठेवली. पट्ट्या ठोकून ती झाका, सुंदर दिसेल, असे पुष्कळांनी सुचविले. परंतु आमच्याकडे नाग, घोणस, मण्यार, फुरसे सारे आहेत. त्यांना अंधारी, बंदिस्त, पालापाचोळ्याची जागा आवडते. ज्या जागेतून आरपार उजेड जातो तेथे ते मुक्काम करीत नाहीत. त्यांनाही धोका नको, आपल्यालाही नको. खाली वाकून विजेरी फिरवली की नऊच्या नऊ दगड दिसतात.

मग पाऊस आला. पहिल्या मोठ्या सरीला आम्ही दोघे दारात उभे राहून पाहत होतो. अठ्ठावीस फळ्यांच्या सत्तावीस फटींतून पाणी एकाच वेळी खाली गेले. सर थांबल्यावर वर ओल होती, पण पाणी नव्हते. लाकूड किंचित फुगले आणि दोन सुतांची फट दीड सुतावर आली. कोरड्या दिवसांत बसवल्यामुळे तेवढी जागा हाताशी होती. तरीही फळ्या भिजलेल्या असताना त्यांवर कोणी पाय ठेवायचा नाही, ऊन पडून कोरड्या झाल्या की मगच, हा घरचा नियम आहे. खाद्यपदार्थ तेथे न्यायचे नाहीत, हा दुसरा. भाताचे एक शीत फटीतून खाली पडले तर अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागते, आणि मग पाऊल कोठे ठेवावे हा प्रश्न. धान्य निवडण्याचे काम त्यामुळे आता ओटीवर चालते. ही अदलाबदल पत्नीने तक्रार न करता स्वीकारली, असे मात्र म्हणवत नाही.

दर चतुर्दशीला मी विजेरी घेऊन खाली पाहतो. श्रावण वद्य चतुर्दशीला ईशान्येच्या दगडावर मातीची नळी दिसली. पेन्सिलीएवढी जाड, जमिनीपासून निघालेली आणि पत्र्याच्या वाकवलेल्या कडेपर्यंत पोहोचलेली. मुलाला फोनवर सांगितले. तो म्हणाला, “पप्पा, आता तरी औषध मारून घ्या. अर्धा लाखाचं लाकूड आहे.” अर्धा लाख हा आकडा मलाही ठाऊक होता. त्या रात्री झोप नीट लागली नाही, हे खरे. सकाळी सुतारदादांना बोलावून नळी दाखवली. ते गुडघ्यांवर बसून बराच वेळ पाहत राहिले, मग त्यांनी दगडाशेजारी वाऱ्याने जमलेल्या जांभळाच्या ओल्या पानांच्या थराकडे बोट दाखवले. “हिला तुमचं लाकूड नको आहे, साहेब. हिचं जेवण इथं आहे.” पाने आम्ही सुपाने हळूहळू उचलली आणि कुंपणाजवळ, झाडांच्या मुळांशी नेऊन ठेवली. नळीला हात लावला नाही. चार दिवसांनी ती कडेच्या पुढे अर्धा इंच उघड्यावर आली होती. पंधरवड्याने पाहिले तर कोरडी, पांढुरकी झाली होती. बोट लागताच तिचा भुगा झाला, आत कोणी नव्हते. कुंपणाजवळच्या पानांत मात्र मातीचे अस्तर चढले होते. त्यानंतर दुसरा पावसाळाही गेला. आणखी एक नळी आली, ती टोपीपर्यंतही पोहोचली नाही.

पौषात मुंबई-नाशिक महामार्गाने विहार करणाऱ्या दोन साध्वीजी गोचरीस आमच्याकडे आल्या. आम्ही वंदन केले. मोठ्या महाराज साहेबांची दृष्टी मागल्या दारातून मंचावर गेली. “श्रावकजी, हे कोणाच्या निमित्ताने केले?” त्यांनी विचारले. साधूंच्या निमित्ताने केलेली वस्तू त्यांना चालत नाही, हे मला माहीत होते, म्हणून प्रश्नाचे वजनही कळले. पत्नीनेच उत्तर दिले, “माझ्या मनगटाच्या निमित्ताने, महाराज साहेब.” त्या हसल्या. ओघ्याने जागा पुंजून घटकाभर तेथे बसल्या, फळ्यांच्या फटींतून खालची माती पाहिली, आणि औषध घातले आहे का, एवढेच विचारले. नाही म्हणून सांगितले.

खर्चाचा आकडा वाचकांना हवा असणार. लाकूड ४३,२०० रुपये, नऊ दगड वाहतुकीसह ४,५००, स्क्रू ३,८००, पत्रा, तेल व किरकोळ २,९००, सुतारदादांची मजुरी २,४००. एकूण ५६,८००. माझी स्वतःची मजुरी धरलेली नाही. वर्षातून एकदा, कार्तिकी पौर्णिमेनंतर, ५०४ स्क्रू पुन्हा आवळावे लागतात आणि तेलाचा एक हात द्यावा लागतो. त्यास चार सकाळी पुरतात. तेल दिले नाही तर साग करडा होतो, कमकुवत होत नाही. पुढच्या वर्षी मी तो तसाच करडा होऊ देणार आहे.

मागले दार आता सकाळी साडेसहाला उघडते. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत कटासनाखाली फळ्या, फळ्यांखाली हवा आणि हवेखाली ज्याचे-त्याचे घर असते. कुंपणापलीकडच्या गृहस्थांना त्यांच्या आईसाठी असाच आठ बाय सहा फुटांचा मंच करायचा आहे. सुतार लावणार नाहीत म्हणतात. येत्या रविवारी त्यांना घेऊन वखारीत जायचे आहे. टेप त्यांनी घेतली आहे, चुंबक माझ्याकडचे नेणार आहोत.